घरची इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना गल्लीतल्या डीपीचा विचार कसा करावा

इलेक्ट्रिक गाडी घेताना महिन्याला किती युनिट वाढतील याचा हिशोब सगळेच करतात. ती वीज कोणत्या वेळी आणि कोणत्या फेजवरून (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्या तारेवरून) घेतली जाते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. कोल्हापूरहून कागलच्या एमआयडीसीत रोज ये-जा करणारी गाडी सुमारे 40 किलोमीटर धावते आणि युनिटला 7 किलोमीटर धरल्यास तिला 6 युनिटच्या आसपास वीज लागते. वीजकेंद्रांच्या दृष्टीने ही मागणी किरकोळ आहे. खरा ताण येतो तो गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे आसपासच्या घरांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर.

11 हजार व्होल्टची वीज घरगुती दाबावर आणणारा 100 केव्हीए क्षमतेचा असा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला प्रत्येक फेजवर साधारण 135 अँपिअर देतो, तर 7.4 किलोवॅटचा एक चार्जर 32 अँपिअर ओढतो. राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत असे चार चार्जर एकाच फेजवर आले आणि सायंकाळी सातला एकदम सुरू झाले, तर 128 अँपिअर त्यांच्यातच संपतात. मग त्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज उतरते, न्यूट्रलमधून (प्रवाह परत नेणाऱ्या तारेतून) जादा प्रवाह वाहतो आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होत असल्याने डीपी तापत राहते. उरलेले दोन फेज तेवढ्या वेळात जवळपास मोकळे असतात.

यासाठी प्रथम वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा. चार्जरमुळे तो ओलांडला जाणार असेल, तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा, कारण नोंद नसलेला भार डीपीच्या नियोजनात धरता येत नाही. घरी थ्री-फेज जोडणी असल्यास गिझर आणि पाण्याची मोटर कोणत्या फेजवर आहे हे वायरमनकडून तपासून चार्जर दुसऱ्या फेजवर घ्यावा.

चार्जर शक्यतो लहानच घ्यावा. वरच्या 6 युनिटना 3.3 किलोवॅटचा चार्जर दोन तासांत पुरतो. गावातल्या गावात फिरणाऱ्यांनी 7.4 किलोवॅटचा आग्रह धरणे मला तरी अनाठायी वाटते. मात्र लहान चार्जरलाही स्वतंत्र वायर, एमसीबी (जादा प्रवाह आल्यास वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवेच. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नये.

वेळेच्या बाबतीत सायंकाळी सहा ते दहा हा काळ टाळावा. सूर्य मावळताच सौरवीज थांबते, घराघरांत दिवे आणि टीव्ही सुरू होतात आणि ही अचानक वाढलेली मागणी भागवण्यासाठी काही मिनिटांत सुरू होऊ शकणाऱ्या कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांचा आधार घ्यावा लागतो. गाडीतल्या टायमरवर रात्री अकरानंतरची वेळ लावावी आणि पहाटे गिझर सुरू होण्यापूर्वी चार्जिंग संपेल असे पाहावे. सगळ्या गल्लीने ठोक अकराचाच टायमर लावला तर नवा उच्चांक तयार होतो, म्हणून कोणी पावणेबारा, कोणी साडेबारा अशी वेळ धरलेली बरी. ज्यांची गाडी दिवसा दारातच उभी असते, त्यांनी दुपारची सौरवीज वापरावी. स्मार्ट मीटर असल्यास दिवसाच्या वापराला काही सवलत आहे का, हे बिलावर तपासावे.

अपार्टमेंटमध्ये एकापेक्षा जास्त गाड्या असतील, तर उपलब्ध भार आपापसांत वाटून घेणारे चार्जर बसवावेत. तो खर्च झेपत नसेल, तर निदान कोणाचा चार्जर कोणत्या फेजवर आहे आणि तो किती वाजता सुरू होतो, याची यादी मीटर बोर्डाजवळ लावावी आणि नवी गाडी आली की ही यादी पाहूनच पुढची जोडणी द्यावी.