वाऱ्याने पडणारे खांब

हॅलोविनसाठी न्यू जर्सीतल्या आमच्या घरापुढे कब्रस्तानाच्या फाटकाचे दोन खांब केले होते. 2 इंची गुलाबी इन्सुलेशन फोमच्या पट्ट्या चिकटवून 5 फुटी पोकळ चौकोनी खांब, वर प्लास्टिकचा भोपळा. पहिल्याच वादळी रात्री दोन्ही आडवे! फोमला वजन नाही, आणि वारा अडवायला अंग मात्र भरपूर.

तळाशी विटा ठेवल्या, तरी खांब कलंडायचाच. मग 3 फुटी लोखंडी सळई निम्मी मातीत ठोकली, तिच्यावर पीव्हीसी पाइप बसवला आणि पोकळ खांब वरून त्या पाइपावर ओवला. आत खाली, मध्ये, वर भोक पाडलेले प्लायवुडचे तुकडे घट्ट बसवले, त्यामुळे खांब डुगडुगत नाही. सळई ठोकण्याआधी 811 ला (जमिनीखालच्या लाइनी आखून देणारा अमेरिकेतला नंबर) फोन करून गॅसच्या, विजेच्या लाइनी नक्की आखून घ्या. पैसे पडत नाहीत.

रंगाचंही सांगतो. स्प्रे पेंट थेट मारला तिथे फोम विरघळून खड्डे पडले. आधी पाण्यातल्या लेटेक्स रंगाचे दोन हात द्यायला हवेत. खड्ड्यांचा तो कोपरा मात्र हुबेहूब झिजलेल्या दगडासारखा दिसत होता, म्हणून तसाच ठेवला.