जर्मनीहून कुपवाडला लाइन आणताना

पहिलं काम साठ्याचं. तिकडची लाइन, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या मशीनची रांग, बंद झाल्यापासून आपला पहिला मंजूर जॉब (मशीनवर बनणारा भाग) निघेपर्यंत ग्राहकाला माल कुठून जाणार? पॅकिंग, जहाज, न्हावाशेवाचं क्लिअरन्स, उभारणी, ट्रायल, मग पीपीएपीसाठी (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) सलग किमान 300 जॉब आणि ग्राहकाची मंजुरी, असे आठवडे मोजा. मध्ये गणपती-दिवाळी येत असेल तर तेही धरा. तेवढा माल तिकडे बनून पडल्याशिवाय मशीनचा एक बोल्टही सैल होऊ देऊ नका.

ड्रॉइंग नीट वाचा. जर्मन ड्रॉइंगवर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, नवख्या पोराला 1,250 हे बाराशे पन्नास वाटतं. कास्टिंगचा ग्रेड ईएन-जीजेएल-250 (युरोपातला ओतीव लोखंडाचा ग्रेड) असेल तर आपल्याकडचं एफजी 260 त्याच्या जवळ येतं, पण कोल्हापूरच्या फाउंड्रीला ऑर्डर देण्याआधी ग्राहकाची लेखी संमती घ्या.

मापनाला मात्र मनापासून वेळ द्या, सगळी भांडणं तिथेच होतात. ड्रॉइंगवरचं माप 20 अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. मे महिन्यात शेडमध्ये 35 अंश असतात, तेव्हा 100 मिलिमीटरचा पोलादी जॉब सुमारे 17 मायक्रॉनने फुगतो. टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, 25 मायक्रॉनचा असेल तर उरलं काय? म्हणून मापनाची खोली आधी तयार करा, जॉब तिथे काही तास निवू द्या. दहा जॉबवर नंबर टाकून तेच दहा आधी तिकडे, मग इकडे मोजा. आकड्यांतला फरक मशीन तिकडे चालू असतानाच मिटवा.

जुनी मशीन आणताना कस्टमला किमतीसाठी चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. लाकडी खोक्यांवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा. फाउंडेशनचं ड्रॉइंग लवकर मागवा, काँक्रीटला 28 दिवस द्यायचे आहेत. महावितरणकडे वाढीव लोडचा अर्जही त्याच आठवड्यात टाका. मशीन अमेरिकेची असती तर 60 हर्ट्झच्या विजेचाही प्रश्न होता. थेट जोडलेली मोटर आपल्या 50 हर्ट्झवर एक षष्ठांशाने हळू फिरते. पावसाळ्यात खोकी उघड्यावर फोडू नका, गाइडवेला (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांना) रात्रीत गंज धरतो.

आणि तिकडे नुसता मॅनेजर पाठवू नका. आपला सेटर (मशीन जुळवून देणारा) आणि ऑपरेटर पंधरा दिवस त्या मशीनपाशी राहिले पाहिजेत. तिथल्या माणसाचं काम आपण घेऊन चाललेलो असतो, हे आपल्या माणसांना निघण्यापूर्वी सांगा. आमचा मिरजेचा सेटर गेला तेव्हा समोरचा ऑपरेटर पहिले तीन दिवस कामापुरतंच बोलला. आमच्या माणसाने घाई केली नाही. शिफ्ट संपली की त्याच्याबरोबर चिप (धातूचा कीस) काढायचा, फिक्स्चर (जॉब धरणारा साचा) पुसायचा. चौथ्या दिवशी त्या माणसाने कपाटातून तेलाचे डाग पडलेली वही काढून दिली. तिसरा क्लॅम्प बाकी दोघांपेक्षा हलका आवळायचा, नाहीतर पातळ भिंत दबते आणि जॉब सोडल्यावर बोअर (आतलं गोल भोक) लंबगोल होतो, हे त्या वहीत होतं. प्रोसेस शीटमध्ये त्यातलं अक्षरही नव्हतं. वहीच्या प्रत्येक पानाचे फोटो त्याची परवानगी घेऊन काढले, आणि पहिला मंजूर जॉब निघाला तेव्हा सेटरने सगळ्यात आधी त्याला फोन लावला.