क्रूझवर पोराला किड्स क्लबात ठेवायचंय? मग बुकिंगच्या आधी वय मोजा

किड्स क्लब म्हणजे जहाजावर आईबापाशिवाय पोरं सोडायची जागा, तो कसा दिसतो, तिथे काय काय खेळ असतात हे तुम्ही व्हिडिओत बघितलंच असेल, ते मी सांगत बसत नाही. पासपोर्ट काढणं, भुसावळहून मुंबईचं रिझर्वेशन, बॅगा भरणं, हेही सगळ्यांना येतंच. मला बोलायचंय ते वयाबद्दल, कारण हल्ली आपल्या खान्देशातून बरीच कुटुंबं क्रूझला जायला लागलीत, कोणी मुंबईहून कॉर्डेलियाने गोवा-लक्षद्वीप करतं, कोणी सिंगापूरहून पेनांग-फुकेत, आणि सगळ्यांचा प्लॅन एकच की पोरं क्लबात अन् आपण डेकवर. मग दर सुट्टीत कोणी ना कोणी क्लबाच्या दारातून पोर कडेवर घेऊन परत येतं, काबरं तर एजंट म्हणाला होता "चालतं हो, वय कोण बघतं". बघतात! चेक-इनला पासपोर्ट स्कॅन होतो तेव्हाच जन्मतारीख जहाजाच्या कॉम्प्युटरमध्ये गेलेली असते, क्लबाच्या काउंटरवरच्या पोरीला नुसतं कार्ड टॅप करायचं असतं. अर्ध्या खान्देशाचा वाढदिवस १ जूनला असायचा तो जमाना गेला.

पहिलं काम. एका कागदावर दोन तारखा लिहा, एक पोराची जन्मतारीख आणि दुसरी जहाज सुटायची तारीख. त्या दुसऱ्या तारखेला पूर्ण झालेली वर्षं किती, तेवढंच वय. "तिसरं लागलंय", "तिसरं चालू आहे" हे घरी ठीक आहे, जहाजावर तिसरं लागलं म्हणजे पोर दोन वर्षांचं. शाळेच्या ॲडमिशनला ३१ डिसेंबरपर्यंतचं वय धरतात म्हणून आपल्याला सवय झालीय की दोन-चार महिने इकडेतिकडे चालतात, इथे नाही चालत. प्रवासात तिसऱ्या दिवशी वाढदिवस येतोय म्हणून त्या दिवसापासून घेतील असंही धरू नका, बहुतेक कंपन्या सुटायच्या दिवसाचं वयच पूर्ण ट्रिपभर धरतात.

समजा पोर १८ जुलै २०२३ चं आहे. मे २०२६ च्या सुट्टीत गेलात तर ते २ वर्ष ९ महिन्यांचं, म्हणजे बहुतेक क्लबांच्या दाराबाहेर. तीच ट्रिप दिवाळीच्या सुट्टीत नोव्हेंबरला केली तर ३ पूर्ण, शिवाय मधले पाच-सहा महिने मिळतात ते पुढे सांगते त्या कामाला लागतात. जून ते सप्टेंबरमध्ये जन्मलेलं पोर असेल तर मेची क्रूझ सोडून द्या, हे माझं स्पष्ट मत आहे. तसंही मे महिन्यात इथून पळायचंच असेल तर महाबळेश्वर आहे.

दुसरं काम म्हणजे त्या जहाजाचे वयोगट बघणं, आणि हे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघायचं, कारण गट अधूनमधून बदलतात आणि एजंटकडे तीन वर्षांपूर्वीचा पीडीएफ असतो. मोठ्या परदेशी क्रूझ कंपन्यांचं साधारण असं आहे. रॉयल कॅरिबियनवर ३ ते ५, ६ ते १२ आणि मग १३ ते १७. नॉर्वेजियनवर ३ ते ५, ६ ते ९, १० ते १२ आणि टीनएजर १३ पासून. एमएससीवर ३ ते ६, ७ ते ११, १२ ते १४, १५ ते १७. कार्निवल थोडी वेगळी, तिथे क्लब २ वर्षांपासून सुरू होतो, २ ते ५, ६ ते ८, ९ ते ११, आणि पुढे १२ ते १४ अन् १५ ते १७. म्हणजे १२ वर्षांचा सहावी-सातवीतला पोरगा कार्निवलवर मोठ्या पोरांच्या ग्रुपमध्ये जातो आणि नॉर्वेजियनवर लहान पोरांच्यात बसतो, आणि ज्याला मिसरूड फुटायला लागलंय त्याला पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या शेजारच्या खोलीत पाठवलं की तो पहिल्या दिवसानंतर पाय ठेवत नाही, उरलेले दिवस तुमच्याच मागे "बोअर होतंय" करत फिरतो. बारा-तेरा वर्षांचं पोर असेल तर हे आधी बघा, कॅबिनला बाल्कनी आहे का ते नंतर.

आपल्याकडे तर दोन-तीन भावांची कुटुंबं एकदम निघतात, पोरं पाच-सहा असतात आणि सगळी म्हणतात आम्ही एकत्रच राहणार. ५ वर्षांची ताई आणि ६ वर्षांचा दादा वेगवेगळ्या खोलीत गेले की रडारड ठरलेली. लहानाला वरच्या गटात घेतील ही आशा ठेवू नका. मोठ्याला खालच्या गटात बसवायचं असेल तर पहिल्याच दिवशी क्लबाच्या मॅनेजरला विचारा, पण हो म्हणतीलच असं नाही. चुलत-मामे भावंडं एकत्र पाहिजेच असतील तर गट रुंद असलेली कंपनी निवडा, डिस्नेवर ३ ते १० एकाच क्लबात असतात.

आता तिसरं काम, आणि खरं घोडं इथेच अडतं. तीन पूर्ण झाले म्हणजे झालं असं नाही, पोर डायपरमधून पूर्ण बाहेर आलेलं पाहिजे. रॉयल, डिस्ने दोन्हीकडे हीच अट. पुल-अप म्हणजे चड्डीसारखं चढवायचं ते डायपरच, त्याला चड्डी म्हणून कोणी फसत नाही. "फक्त झोपताना घालतो", "फक्त बाहेर गेलो की घालतो", हे सगळं नाही मध्ये मोजतात. अपवाद कार्निवलचा, तिथला स्टाफ छोट्या गटात डायपर बदलून देतो, म्हणून पोर २-३ वर्षांचं आणि अजून हगीजवर असेल तर ती कंपनी सोयीची, पण ती जहाजं मुख्यतः अमेरिकेकडून सुटतात, जळगावहून तेवढ्यासाठी कोण जाणार.

ही अट मी पण आधी हलक्यात घेत होते, आमच्याकडे तर पोर दोन-सव्वा दोनचं झालं की जिजी त्याला सकाळी मोरीत बसवायच्याच, मला वाटायचं आपली पोरं तयार असतात. घरी तयार असतात हो, जहाजावर नसतात, आणि का नसतात ते कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

एक, तिथे कमोड असतो. ज्या पोराला उकिडवं बसायची सवय आहे ते कमोडवर लटकलं की घाबरतं, पाय खाली टेकत नाहीत, घट्ट धरून बसतं आणि करतच नाही, मग अर्ध्या तासाने चड्डीत. घरात कमोड असला तरी त्याच्यावर छोटी सीट लावलेली असते, ती क्लबात असेलच असं नाही. दोन, बहुतेक जहाजांवर पाणी नसतं. जेट स्प्रे नाही, डबा नाही, टिश्यू पेपर. आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमाप्रमाणे क्लबातली ताई पोराला आत जाऊन धुऊन देत नाही, पुसूनही देत नाही, कपडे काढून-चढवूनही देत नाही, सगळं पोराने स्वतःचं स्वतः करायचं. आपल्याकडे पाच वर्षांचं पोर सुद्धा "झाआआलं" म्हणून हाक मारतं आणि आई पळत जाते. ही हाक तिथे मारली तर क्लबवाले तुम्हाला फोन करतात, तुम्ही अकराव्या डेकवरून खाली या. तीन, आवाज. जहाजाचा फ्लश व्हॅक्यूमवर चालतो, बटण दाबलं की एकदम घस्सकन् ओढतो, मोठी माणसं दचकतात तिथे पोराचं काय, माझ्या भाचीने एकदा तो आवाज ऐकला आणि पुढचे दोन दिवस संडासात पाऊल टाकलं नाही.

म्हणून निघायच्या निदान दोन महिने आधी हे करा. कमोडवर सीट न लावता बसवा, समोर पाटावर पाय टेकवून सुरुवात करा आणि मग पाट काढून घ्या. टिश्यूने पुसायला शिकवा, नीट नाही जमणार, केबिनमध्ये आल्यावर तुम्ही धुवाच, पण पोराला आपल्या हाताने करायची लाज किंवा किळस राहायला नको. बटणाची, चेनची, नाडीची पँट बाद, नुसती इलॅस्टिकची, जी पोर एका हाताने खाली ओढेल. सिंगापूरला विमानाने जाताय तर विमानातला फ्लशही तसाच ओरडतो, त्याला मुद्दाम आत नेऊन तीनदा दाबून दाखवा, हसत दाखवा, तालीम तिथेच होऊन जाते. आणि "टॉयलेट" हा शब्द पाठ करून घ्या. क्लबातल्या पोरी फिलिपिन्सच्या, साउथ आफ्रिकेच्या, कुठल्या कुठल्या असतात, "सू आली" त्यांना कळत नाही, पोर तीनदा सांगतं आणि चौथ्यांदा जागेवरच करून मोकळं होतं.

एखाद वेळ असं झालं तर कोणी ओरडत नाही, फोन येतो, तुम्ही जाऊन कपडे बदलता. सारखं सारखं झालं तर मात्र क्लब बंद. यूट्यूबवर सल्ला असतो की "डायपर घालून पाठवा, वरून चड्डी घाला, कळत नाही". असा सल्ला देणाऱ्याने स्वतः तिथे पोर सोडलेलं नसतं. पंधरा मिनिटांत कळतं, आणि मग स्टाफ तुमच्या पोरावर डोळा ठेवूनच बसतो.

ह्याच्याच जोडीला स्विमिंग पूल. डायपरवरचं पोर मोठ्या पूलमध्ये घेत नाहीत, स्विम डायपर घातलं तरी नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे जहाजांच्या स्वच्छतेचे नियम आहेत, त्यात हे येतं, आणि बाकीकडेही साधारण तेच पाळतात. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळा कारंज्यांचा भाग असतो, तिथे चालतं. तेव्हा पोराला "तुला पूलमध्ये नेणार" असं घरून कबूल करून आणू नका.

तीनच्या आतलं पोर असेल तर नर्सरी. रॉयलच्या काही जहाजांवर ६ ते ३६ महिने, डिस्नेवर ६ महिने ते ३ वर्षं, दोन्हीकडे तासाचे पैसे लागतात आणि जागा थोड्या असतात, म्हणून बुकिंग उघडलं की लगेच करा. नॉर्वेजियनवर लहानांचा जो ग्रुप असतो त्यात आईबापाने सोबत बसायचं असतं, म्हणजे सोडून जाता येत नाही, हे नीट वाचा नाहीतर पैसे भरून तुम्हीच ठोकळे रचत बसाल. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बऱ्याच कंपन्या जहाजावरच घेत नाहीत, आणि लांबच्या समुद्रप्रवासाला, अटलांटिक ओलांडायचा वगैरे, वर्षभराचं लागतं.

चढल्यावर पहिल्या दुपारी क्लबात जाऊन नाव नोंदवा, सगळे बुफेवर तुटून पडलेले असतात तेव्हा इथे रांग नसते. फॉर्ममध्ये ॲलर्जी लिहा. आणि शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेज" लिहून सोडू नका, अंडं-मासे चालत नाहीत हे तोंडीही सांगा, कारण क्लबात कधी कधी पोरांना जेवू घालतात आणि त्यांच्या व्हेजमध्ये काय काय बसेल नेम नसतो. सर्दी-ताप, जुलाब असतील तर लपवू नका, पोर परत पाठवतात. पोराला घ्यायला कोण येणार त्यांची नावं तिथेच द्यायची असतात, त्यात आजी-आजोबांची घालायला विसरू नका. आमचे आबा एकदा नातवाला घ्यायला गेले आणि यादीत नाव नाही म्हणून पोर दिलं नाही, आबा तिथे अहिराणीत जे बोलले ते बरं झालं कोणाला कळलं नाही. क्लबवाल्यांचं बरोबरच होतं.

नऊ वर्षांच्या आसपासच्या पोरांना काही कंपन्या आईबापाच्या सहीने एकटं बाहेर पडू देतात. मी सही करत नाही. हजारो माणसांचं जहाज, पंधरा-सोळा मजले, आणि तिकडे मोबाइलला नेहमीची रेंज नसते, कंपनीच्या ॲपवरच्या चॅटवर भागवायचं. ज्यांना करायची त्यांनी करावी.

क्लब दिवसा फुकट असतो, पण बऱ्याच कंपन्यांत रात्री १० च्या सुमारास तासाप्रमाणे डॉलर लागायला सुरुवात होते, प्रत्येक पोराचे वेगळे, आणि ते थेट तुमच्या रूमच्या बिलात जातात. शो साडेदहाला संपणार असेल तर एकाने पावणेदहाला उठून पोरं घेऊन यायची, कोणी उठायचं ते शोला बसायच्या आधीच ठरवा.