आकात्सुका फुजिओ यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

जपानी विनोदी मांगाचे, म्हणजे चित्रकथांचे, हे अध्वर्यू समजून घ्यायचे असतील, तर चरित्र बाजूला ठेवून आधी त्यांचे काम वाचावे, आणि तेही प्रकाशनाच्या क्रमाने. सुरुवात 'ओसोमात्सु-कुन'ने करावी. एकसारख्या दिसणाऱ्या सहा भावांची ही मालिका १९६२ साली 'शोनेन संडे' या साप्ताहिकात सुरू झाली. वाचताना नजर इयामीवर ठेवावी. पुढे आलेल्या दातांचा हा दुय्यम इसम हळूहळू सगळी मालिकाच बळकावतो. धक्का बसला की तो 'शेऽऽ' असे किंचाळत एक हात मनगटात मोडून डोक्यावर नेतो, दुसरा छातीशी दुमडतो आणि एक पाय उचलतो. जपानभरच्या मुलांनी ही लकब उचलली.

त्यानंतरच १९६७ साली सुरू झालेली 'तेन्साई बाकाबोन' ही मालिका हाती घ्यावी. चौकटींची नेहमीची शिस्त डोळ्यांत मुरलेली नसेल, तर आकात्सुकांनी ती कशी मोडली हे कळतच नाही. कुठे पात्रांचे चेहरे खऱ्या माणसाच्या आकाराचे काढल्यामुळे पानात दुसरे काही मावत नाही, तर कुठे उजव्या हाताला दुखापत झाल्याचे सांगून अख्खा भाग डाव्या हाताने काढलेला आहे. १९७४ मध्ये तर त्यांनी काही काळ स्वतःचे नावच बदलून यामादा इचिरो असे अगदी सर्वसाधारण नाव घेतले. माझ्या मते त्यांची खरी झेप इथे दिसते, म्हणून या मालिकेला सर्वाधिक वेळ द्यावा.

मात्र सगळे श्रेय एकाच हाताला देऊ नये. १९६५ साली स्थापन झालेल्या 'फुजिओ प्रॉडक्शन' या त्यांच्या कंपनीत सहायक आणि संपादक एकत्र बसून कल्पना लढवत असत.

चरित्राकडे आता वळावे. १९३५ मध्ये तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या चीनमधील मांचुरियात जन्म, युद्धानंतर वडील सोव्हिएत कैदेत, १९४६ मध्ये कुटुंब जपानला परत, पुढे तोक्योतील रसायन कारखान्यात नोकरी आणि इशिनोमोरींसारख्या तरुण चित्रकारांसह तोकिवा-सो या इमारतीतले वास्तव्य, एवढे टप्पे पुरेत. बालपणीच्या हालांतूनच विनोद जन्मला, हा सोपा निष्कर्ष टाळावा. १९५६ सालचे त्यांचे पहिले पुस्तक मुलींसाठीचे होते आणि १९६२ मध्येच 'रिबोन' मासिकात त्यांची 'हिमित्सु नो आक्को-चान' ही जादूच्या आरशाची कथाही सुरू झाली होती, हे त्या निष्कर्षात बसत नाही.

२०१५ सालची 'ओसोमात्सु-सान' ही अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका शेवटी पाहावी. आकात्सुका २००८ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे तिच्यातील मोठ्या झालेल्या सहा भावांची थट्टा त्यांच्या नावावर जमा करू नये.