सत्काराचा बुके स्टेजवर जाईपर्यंत टवटवीत कसा ठेवायचा (नागपूरच्या उन्हात पण)

मागच्या मे महिन्यात एका शाळेत आमच्या ओळखीच्या बाईंचा रिटायरमेंटचा सत्कार होता, बुके मीच सकाळी नऊला बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) आणला अन् गाडीच्या डिक्कीत ठेवून दिला. कार्यक्रम साडेअकराचा, पाहुणे आले साडेबाराला. डिक्की उघडली तर जरबेरानं माना टाकलेल्या, पन्नीच्या आतून पाण्याचे थेंब धरलेले, देठाला हात लावला तर कोमट. इतकी वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईंच्या हातात तोच बुके द्यावा लागला, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून हे नीट शिकून घेतलं. एक गोष्ट पक्की कळली की दुकान ते स्टेज या मधल्या तीन-चार तासांतच फूल तहानेनं अन् गरमीनं जातं, म्हणून देठ शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पाण्यात राहिलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्याच भोवती आहे.

सुरुवात खरेदीपासून. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत घरी या. गुलाबाची कळी बुडाशी दोन बोटांत हलकेच दाबून बघा, कडक लागली तर ताजी, पिलपिली लागली तर राहू द्या, वरून कितीही छान दिसो. देठाचं टोक काळं किंवा चिकट असेल तर ते फूल शिळ्या पाण्यात राहिलेलं आहे. आणि दुकानदाराला आधीच सांगा, "भाऊ, पन्नी आत्ता नका लावू, देठं खालून मोकळी ठेवा, रिबन अन् पन्नी वेगळी द्या." नाही म्हणत नाही कोणी. पन्नीत गरम हवा कोंडते, आत घाम धरतो आणि पाकळ्यांवर डाग पडतात, म्हणून ती शेवटी.

घरी आल्यावर आधी बादली साबणानं घासून घ्या, कारण घाण पाण्यातले जंतू देठाच्या नळ्या बुजवतात अन् मग पाण्यात उभं असूनही फूल सुकतं. आता देठं कापायची. एका पसरट भांड्यात पाणी घ्या, बुकेची टोकं त्यात बुडवा आणि पाण्याच्या आतच धारदार चाकूनं दोनेक सेंटीमीटर तिरपी कापा. बाहेर कापलं की देठात हवा शिरते, तो बुडबुडा अडकला की पाणी वर चढत नाही, गुलाबाची मान वाकते ती बऱ्याचदा यामुळेही. बोथट कात्री नको, देठ चेंगरतं. पाण्यात बुडतील अशी पानं सगळी काढून टाका, ती सडतात.

पाण्यात काय घालायचं? दुकानातून फुलांच्या पावडरची पुडी मिळाली तर उत्तम, नाहीतर एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे चार-पाच थेंब. नुसती साखर घालू नका, त्यानं जंतूच वाढतात. गुलाबाला चार-पाच इंच पाणी चालतं, जरबेराचं देठ मऊ अन् लवदार असतं, ते खोल पाण्यात सडतं, त्याला दोन इंच पुरे. मिक्स बुके असेल तर कमीच ठेवा आणि मधे मधे बघत जा, पाणी भराभर उतरतं.

बादली घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात. आपल्याकडे सगळे बादली कूलरसमोर ठेवतात, तिथेच चुकतं. कूलरच्या खोलीतली ओलसर हवा फुलांना चांगलीच, पण थेट झोत लागला की पाकळ्यांच्या कडा वाळतात, म्हणून खोली तीच पण बाजूला. आंब्याची पेटी, केळी, सफरचंद जवळ नको, पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन तर त्यानं लगेच मिटतं. फ्रिजमधे ठेवायचं तर फळं काढून ठेवा. ऑर्किड अन् अँथुरियम मात्र फ्रिजमधे कधीच नको, ती गरम मुलखातली फुलं, थंडीनं काळी पडतात.

नेताना डिक्की विसरा. छोट्या बादलीत तीन बोटं पाणी, बादली पुढच्या सीटसमोर पायापाशी, एसी चालू पण जाळीचं तोंड फुलांकडे नाही. टू-व्हीलरवर जायचं असेल तर टोकांना ओला कापूस, त्यावर प्लास्टिकची थैली, रबर, आणि वरून पेपरचा सैल कोन करा, कारण मे महिन्यातली ती गरम हवा दोन सिग्नलमधे फूल सुकवते. ग्लॅडिओलस असेल तर उभाच न्या, आडवा ठेवला की टोकं वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत.

हॉल देशपांडे सभागृह असो की सुरेश भट, पोचल्याबरोबर ग्रीन रूममधे जागा बघा अन् बुकेची जबाबदारी एकाच माणसाला द्या. भाषणं लांबतातच. सूत्रसंचालकाशी बोलून ठेवा की सत्काराच्या दोन आयटम आधी इशारा करा, तेव्हाच पाण्यातून काढायचं. देठं नॅपकिननं कोरडी पुसा (पाहुण्यांच्या साडीवर पाणी गळलेलं फार वाईट दिसतं), काटे राहिले का बोट फिरवून बघा, गुलाबाची बाहेरची काळपट पाकळी काढा, मग रिबन, मग पन्नी, वरून उघडी.

आणि तरी ऐनवेळी मान पडलीच तर? तासभर हातात असेल तर गुलाबाचं देठ इंचभर परत पाण्यात कापा, फूल पेपरमधे सरळ घट्ट गुंडाळा अन् कोमट पाण्यात उभं करा, बऱ्याचदा मान परत वर येते. जरबेरालाही पेपर गुंडाळा, पण त्याला साधंच पाणी, दोन इंच.

बुके दिल्यावर पाहुण्यांच्या सोबत आलेल्या कोणाला तरी हळूच सांगा, घरी गेल्यावर पन्नी काढा, देठं थोडी कापा अन् पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला.