जुन्या शिडाच्या होडीला जाड तारा आणि भक्कम जोडकाम बसवताना

जुनी, चार-सव्वाचार मीटर लांबीची फायबरग्लासची शिडाची होडी हाती आली की बहुतेकांची नजर सर्वांत आधी डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांकडे जाते. तार बोटाएवढीही जाड नसते, होडीचे वय वीस-पंचवीस वर्षे असते, आणि वैशाखात वळिवाचा वारा उजनीच्या जलाशयावर कसा अचानक उतरतो हे सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचे प्राण गेले. त्यामुळे जाड तार, मोठ्या पिना आणि भक्कम कप्प्या बसवाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. मीही तेच केले होते. ३ मि.मी.च्या तारा काढून ४ मि.मी.च्या बसवल्या आणि पहिल्याच जोरदार झोतात तार जशीच्या तशी राहिली, पण डाव्या बाजूची चेनप्लेट, म्हणजे तारेचे खालचे टोक ज्या धातूच्या पट्टीला अडकवतात ती पट्टी, डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या, कडेसह वर उचलली गेली. पुढे जे लिहिले आहे ते त्या दुरुस्तीतून शिकलेले आहे.

आधी भार मोजावा

तार किती जाड हवी हे वाऱ्यावरून ठरत नाही, तर होडी किती जोराने उलटण्याला विरोध करू शकते यावरून ठरते. हा मुद्दा नीट समजून घेतल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नये. वारा शिडाला ढकलतो, होडी कलते, आणि दोन माणसे वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर बाहेर झुकून तिला सावरतात. त्या दोघांचे वजन मिळून १३० किलो आणि ते होडीच्या मध्यरेषेपासून सुमारे १.३ मीटर बाहेर आहेत असे धरले, तर त्यांचा सावरणारा जोर (किलो गुणिले मीटर) सुमारे १७० होतो. होडीचे स्वतःचे वजन त्यात आणखी तीसेक घालते. म्हणजे एकूण सुमारे २००. डोलकाठीपासून चेनप्लेट बाजूला ६५ से.मी. अंतरावर असेल तर २०० भागिले ०.६५, म्हणजे तारेवर साधारण ३०० किलोचा भार येतो. वारा याहून वाढला तर होडी कलंडते आणि भार तिथेच थांबतो.

गंजरोधक पोलादाची एकोणीस धाग्यांची ३ मि.मी. तार सुमारे ७५० किलोला तुटते आणि ४ मि.मी.ची सुमारे १३०० किलोला. याचा अर्थ, ३ मि.मी.ची तार चांगल्या स्थितीत असेल तर ती दुपटीहून अधिक भार सोसते. धक्क्यांसाठी, म्हणजे होडी उलटून डोलकाठी उथळ पाण्यात तळाला टेकणे किंवा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जोराने आदळणे यांसाठी, काही जादा ताकद हवी हे खरे आहे. पण ती चौपट असण्याची गरज नसते. उलट तारेचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ३ वरून ४ मि.मी.वर गेल्यास ते पाऊणपटीहून अधिक वाढते, आणि हे वाढलेले वजन होडीच्या माथ्याकडे, जिथे ते सर्वांत नकोसे असते तिथे जाते.

यंत्रमागावर काम केलेल्यांना हे लवकर पटेल. सूत तुटते तेव्हा दोष नेहमी सुताचा नसतो. पुष्कळदा तो ताणाचा असतो, किंवा सूत जिथे घासून जाते त्या जागेचा असतो.

साखळीतील कमजोर कडी शोधावी

तारेच्या वरच्या टोकाची पट्टी, ती डोलकाठीला धरून ठेवणारे रिव्हेट, तारेचे दाबून बसवलेले टोक, पिन, ताण कमी-जास्त करण्याचा टर्नबकल, चेनप्लेट, तिचे बोल्ट, त्याखालचे प्लायवूड आणि शेवटी होडीचे अंग, ही सगळी एकच साखळी आहे. एक कडी जाड केली की तुटण्याची जागा पुढच्या कडीकडे सरकते. तार तुटली तर डोलकाठी पडते आणि नवी तार काही हजारांत येते, पण डेक फाटला तर होडीच फाटते. म्हणून माझे मत असे आहे की तार शक्यतो मूळ जाडीचीच ठेवावी आणि सर्व खर्च व कष्ट तिच्या खालच्या कड्यांवर करावेत.

तपासणीसाठी डोलकाठी उतरवून आडवी ठेवावी. तारेवरून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे तंतू अडकतात तिथे धागा तुटलेला असतो, आणि एक धागा तुटला तरी ती तार बदलावी. दाबून बसवलेल्या टोकांवर भिंगातून केसासारख्या उभ्या चिरा पाहाव्यात, कारण पाणी तिथे आत साचून राहते आणि गंज बाहेरून दिसण्याआधी आत खात जातो. त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर, विशेषतः चेनप्लेट आणि क्लीटच्या (दोर अडकवण्याच्या खुंटीच्या) आसपास, हलके ठोकावे. घन आवाज आला तर आतले लाकूड शाबूत आहे. भदभद आवाज आला तर ते कुजले आहे. माझ्या होडीत हे ठोकणे मी आधी केले असते तर डेक उचलला गेला नसता.

डेक आणि चेनप्लेट

हे काम सर्वांत अधिक वेळ घेते आणि त्यासाठी हंगाम निवडणे महत्त्वाचे असते. होळीच्या सुमारास उजनीचे पाणी मागे हटू लागलेले असते, होडी कोरड्या जागी ओढता येते आणि उन्हाळ्याचा खरा तडाखा अजून बसलेला नसतो. या कामात लागणारे एपॉक्सीचे, म्हणजे दोन द्रव मिसळून कडक होणाऱ्या चिकट राळेचे, मिश्रण गरम हवेत फार लवकर घट्ट होते. तापमान दहा अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी केलेले मिश्रण भांड्यातच धूर सोडू लागते. त्यामुळे हे काम सकाळी आठच्या आत, थोडेथोडे मिश्रण करून, पसरट भांड्यात करावे.

चेनप्लेट काढून बोल्टच्या छिद्रांची पाहणी करावी. ६ मि.मी.च्या बोल्टसाठी आधी १२ मि.मी.चे छिद्र पाडून कुजलेले लाकूड खरवडून काढावे, उरलेले लाकूड पूर्ण वाळू द्यावे, खालून चिकटपट्टी लावावी आणि भरणी मिसळलेले घट्ट एपॉक्सी त्यात भरावे. ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध ६ मि.मी.चे छिद्र नव्याने पाडावे. आता बोल्ट लाकडाला स्पर्शच करत नाही, आणि पाणी आत झिरपले तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. कूज विस्तृत असेल तर मात्र डेकचा तो भाग आतून उघडून नवे मरीन प्लायवूड चिकटवावे लागते. तिथे छिद्र भरण्याचा उपाय पुरणार नाही.

खालच्या बाजूस साधे वॉशर बसवू नयेत. ५ किंवा ६ मि.मी. जाडीची, हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची पाठपट्टी बसवावी, तिचे कोपरे गोल करावेत आणि कडा घासून घ्याव्यात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या कारागिराला कागदी नमुना दिला की तो हे काम चोख करतो. चेनप्लेटही नवी करायची असल्यास एक पथ्य पाळावे: जाड पिन बसावी म्हणून जुन्या पट्टीचे छिद्र मोठे करू नये. छिद्र वाढले की त्याच्या आणि पट्टीच्या कडेच्या मधला धातू कमी होतो आणि पट्टी नेमकी तिथे फाटते. छिद्राच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत निदान पिनेच्या जाडीएवढा धातू शिल्लक असावा. उजनीचे पाणी गोडे असल्यामुळे पट्ट्यांसाठी ३०४ दर्जाचे गंजरोधक पोलाद चालते. तारेसाठी मात्र गंजाला अधिक टिकणारा ३१६ दर्जाच घ्यावा.

बसवताना छिद्राच्या वरच्या तोंडाला हलकी खोबण करून त्यात ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी दाबावी, बोल्टचे डोके स्थिर धरावे आणि खालून फक्त नट फिरवावा. बोल्ट फिरला तर ब्यूटाइल पिळून निघते आणि पाणी झिरपू लागते. पोलादी नट-बोल्ट कोरडे आवळल्यास आटे एकमेकांत रुतून बसतात, म्हणून किंचित ग्रीस लावून सावकाश आवळावे.

तार आणि तिचा ताण

जुनी तार सोबत नेऊन तिच्या मापाने नवी करून घ्यावी. अशी तार मुंबईच्या नागदेवी भागातील हार्डवेअरच्या बाजारात मिळते, पण टोके दाबून बसवण्याचे काम योग्य यंत्र असलेल्याकडूनच करून घ्यावे. हातोडीने ठोकून बसवलेले टोक सोसणार नाही.

ताण मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. तार नुसती सरळ होईल एवढी ताणावी, दोन मीटर लांबीची ताठ पट्टी वरच्या टोकाशी तारेला चिकटवावी, खालचे टोक मोकळे ठेवावे आणि ते जिथे येते तिथे तारेवर खूण करावी. टर्नबकल आवळत गेल्यावर तार ताणली जाते आणि खूण पट्टीच्या टोकापासून सरकते. ती १ मि.मी. सरकली की तारेवर तिच्या तुटण्याच्या भाराच्या साधारण ५ टक्के ताण आलेला असतो. ३ मि.मी.च्या तारेसाठी सुरुवातीला २ मि.मी. सरकणे, म्हणजे ७५ किलो ताण, पुरेसे आहे. ४ मि.मी.च्या तारेवर हेच २ मि.मी. सरकणे म्हणजे १३० किलो होतात, आणि होडीच्या जुन्या अंगाला तो वाढीव भार उभ्या उभ्या, वारा नसतानाही, सोसावा लागतो. माझ्या चेनप्लेटचे झाले ते याचमुळे. ज्यांना जाड तारच हवी असेल त्यांनी खुणेचे सरकणे सव्वा मि.मी.च्या आतच थांबवावे.

हे माप पहाटे घ्यावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा उन्हाने अधिक वाढते. सहा मीटरच्या डोलकाठीत पंचवीस अंशांच्या फरकाने मिलिमीटरभर तफावत पडते.

डोलकाठीवर पोलादी पट्टी थेट ॲल्युमिनियमवर बसवू नये, कारण ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरे पडून पोखरले जाते. मध्ये पातळ प्लास्टिकचा थर घालावा आणि मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट वापरावेत.

जिथे मोठे माप खरोखर उपयोगी पडते

सुकाणूच्या बिजागऱ्या जुन्या लहान होड्यांत नेहमीच कमजोर असतात आणि त्या एक माप जाड करणे मला योग्य वाटते. अर्थात पाठीमागे पाठपट्टी घालूनच. शिडाच्या दोराबाबत ताकदीचा प्रश्न नसतो, पकडीचा असतो. ६ मि.मी.चा दोर भार सोसतो, पण ओल्या हाताला कापतो. ८ किंवा १० मि.मी.चा दोर घ्यावा आणि त्यासोबत कप्पीही मोठ्या चाकाची घ्यावी, कारण लहान चाकावर जाड दोर घासतो आणि शीड सोडताना अडकतो. वळिवाच्या झोतात शीड क्षणात सोडता येणे हे कुठल्याही जाड तारेपेक्षा अधिक मोलाचे असते, म्हणून क्लीटही झटकन सुटणारे निवडावे आणि प्लास्टिकचे क्लीट उन्हाने ठिसूळ झाले असतील तर ते आधी बदलावेत.

पाण्यावर उतरवताना

पहिली फेरी मंद वाऱ्यात, काठाजवळ आणि जीवरक्षक जाकिटे घालून करावी. नवी तार पहिल्या तासाभरात थोडी सैल पडते, त्यामुळे परत आल्यावर पट्टी लावून ताण पुन्हा मोजावा. टर्नबकलमध्ये दुपाखी पिन घालून तिची टोके वाकवावीत आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे शीड फाटणार नाही. मग डेकखाली बॅटरी घेऊन पाठपट्ट्यांच्या कडेने बोट फिरवावे. बोटाला ओल लागली तर तो बोल्ट त्याच संध्याकाळी उघडून पुन्हा बसवावा.