महिनाअखेर, उन्हाळा आणि उरलेला भात

महिनाअखेरीला डबे तळाला गेले की उरलेला भात टाकायला हात धजत नाही. सातपूर-अंबडच्या कितीतरी भाड्याच्या खोल्यांत फ्रीज नाही आणि मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. अशा घराला ‘शिळं खाऊ नका’ एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

फोडणी दिली की भात सुधारतो, हा समज मात्र सोडा. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. झाकलेल्या पातेल्यात मधला गोळा तासन् तास कोमटच असतो.

म्हणून सेकंड शिफ्टहून रात्री येणाऱ्याचा वाटीभर तांदूळ कच्चाच ठेवा, माणूस घरी आला की शिजवा. गॅस थोडा जास्त जातो, पण जुलाबाच्या औषधाला आणि बुडालेल्या रोजाला त्याहून कितीतरी जास्त पैसे जातात.

तरी उरलाच, तर लगेच स्वच्छ परातीत पातळ पसरा, परात गार पाण्यावर टेकवा. भर उन्हाळ्यात 1 तासाच्या आत शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये डबा ठेवा. मागायला संकोच करू नका.